फुटून निघणाऱ्यांची बाजू आणि राजकीय निष्ठेचा प्रश्न

(कृष्णराजनगर येथील व्याख्यान)

कृष्णराजनगर तालुक्यात १९४० साली जन्मलेल्या एखाद्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊन या विषयाला प्रारंभ करता येईल. जन्मतः तो म्हैसूरच्या महाराजांचा प्रजाजन होता. सातव्या वर्षी त्याचे संस्थान स्वतंत्र भारतात सामील झाले. दहाव्या वर्षी तो प्रजासत्ताकाचा नागरिक आणि ‘ब’ वर्गातील म्हैसूर राज्याचा रहिवासी ठरला. सोळाव्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्याचे राज्य एका रात्रीत दुपटीहून मोठे झाले. आणि तेहतिसाव्या वर्षी त्या राज्याचे नावही बदलून कर्नाटक झाले. या अवधीत त्याने घर सोडले नाही, शेताचा बांध बदलला नाही, आणि कालव्याचे पाणी पूर्वीच्याच पाटाने येत राहिले. तो ज्यांच्याशी एकनिष्ठ असावा अशी अपेक्षा होती, ती सत्तास्थाने मात्र एकामागून एक बदलत गेली. यांपैकी कोणत्याही बदलाच्या वेळी त्याला स्वतःला कोणी विचारले नव्हते. मतदानाचा हक्क त्याला प्रथम मिळाला तो १९६२ च्या निवडणुकीत.

हे उदाहरण पुढे ठेवून आपल्या काळातील एका मनोवृत्तीकडे पाहावयाचे आहे. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात एखादा जनसमूह मोठ्या राष्ट्रातून फुटून निघू पाहतो अशी वार्ता आली, की सुशिक्षित वाचकाचे मन बहुधा त्या समूहाच्या बाजूने झुकते. १९६७ साली नायजेरियातून बायाफ्रा वेगळा झाला तेव्हा असे घडले. १९७१ साली बांगलादेशाच्या वेळी तर साऱ्या भारतात घडले. आणि अलीकडे स्कॉटलंडचे सार्वमत (२०१४) व कॅटालोनियाचे वादग्रस्त मतदान (२०१७) या प्रसंगीही थोड्याफार प्रमाणात तेच दिसून आले. त्या प्रदेशाचा इतिहास वाचकाला ठाऊक असतोच असे नाही. तरीही जो निघून जाऊ पाहतो तो पीडित असणार आणि जो त्याला अडवितो तो जुलमी असणार, असे गृहीत धरले जाते.

पूर्वीच्या काळी हे गृहीत नेमके उलटे होते. राज्यापासून फुटणाऱ्यासाठी आपल्या भाषांत ‘स्वामिद्रोह’ आणि ‘राजद्रोह’ हे शब्द होते, आणि त्यांत सहानुभूतीचा अंशही नव्हता. पाळेगाराने बंड केले तर त्याच्या गाऱ्हाण्याची चौकशी नंतर होई; बंड आधी मोडले जाई. हा दृष्टिकोन पालटण्यास अनेक कारणे झाली. अमेरिकेतील वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडशी नाते तोडताना आपली कारणे जगापुढे मांडली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्वयंनिर्णयाचे तत्त्व सर्वतोमुखी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया व आफ्रिका खंडांतील वसाहती एकेक करून मुक्त झाल्या. मुक्तीच्या या शतकात वाढलेल्या माणसाला प्रत्येक तुटणे हे मुक्तीसारखे दिसू लागले, यात नवल नाही.

या सहानुभूतीच्या मुळाशी निष्ठेविषयीची एक नवी कल्पना आहे. राजकीय निष्ठा ही जन्माने किंवा मिठाने बांधलेली नसून संमतीने दिलेली असते. म्हणूनच ती परतही घेता येते, अशी ही कल्पना होय. फ्रेंच विचारवंत एर्नेस्त रेनाँ याने १८८२ साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात राष्ट्राचे अस्तित्व लोकांच्या रोजच्या संमतीवर टिकून असते, असे प्रतिपादन केले होते. जर्मनीने बळकावलेल्या आल्सेस व लोरेन या प्रांतांचे दुःख त्या वेळी फ्रान्सच्या मनात ताजे होते, हे येथे लक्षात ठेवावे. विचार उदात्त आहे. परंतु तो मान्य केला, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. संमती कोणाची? वेगळे होऊ इच्छिणाऱ्या प्रदेशाची, की त्या प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक गटाची?

कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९५ साली वेगळे होण्यासंबंधी सार्वमत घेतले. विरोधी बाजूला ५० टक्क्यांहून किंचित अधिक मते पडली आणि कॅनडा अखंड राहिला. या सार्वमताच्या काही दिवस आधी क्वेबेकच्या उत्तर भागातील क्री नावाच्या आदिवासींनी आपले स्वतंत्र मतदान घेतले आणि ९६ टक्क्यांनी कॅनडातच राहण्याचा कौल दिला. क्वेबेकला कॅनडातून जाण्याचा हक्क असेल, तर क्वेबेकमधून न जाण्याचा हक्क आम्हांला का नसावा, असा त्यांचा प्रश्न होता. फुटून निघणाऱ्यांची बाजू घेणाऱ्या लेखनात या प्रश्नाला क्वचितच जागा मिळते. बायाफ्राच्या बाबतीतही हेच म्हणावे लागते. ईबो लोकांवर अन्याय झाला होता यात संशय नाही. पण नव्या देशाच्या नकाशात जे इतर लहान समाज ओढले गेले, त्यांचे मत जगाने विचारले नाही.

याबाबतीत सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेचे आहे. १८६० च्या डिसेंबरात दक्षिण कॅरोलायना राज्य संघराज्यातून बाहेर पडले आणि पाठोपाठ आणखी दहा राज्ये गेली. कारण त्यांनी लपविले नव्हते. दक्षिण कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात पळून गेलेल्या गुलामांना उत्तरेकडील राज्ये परत करीत नाहीत, ही तक्रार ठळकपणे मांडलेली आहे. पराभवानंतर मात्र वर्षानुवर्षे अशी एक समजूत जोपासली गेली, की तो लढा गुलामगिरीसाठी नव्हताच. तो राज्यांच्या हक्कांसाठी आणि आपल्या मातीवरील प्रेमासाठी होता. या समजुतीचा नायक म्हणजे सेनापती रॉबर्ट ली. संघराज्याच्या सेनेत तीस वर्षांहून अधिक काळ घालविलेल्या या अधिकाऱ्याला १८६१ च्या एप्रिलमध्ये उत्तरेच्या सैन्याचे नेतृत्व देऊ करण्यात आले होते. आपल्या व्हर्जिनिया राज्याविरुद्ध शस्त्र उचलणे नको म्हणून त्याने राजीनामा दिला आणि पुढे तो दक्षिणेचा सेनापती झाला. थोर पुरुषापुढील दुःखद पेच म्हणून ही कथा अनेक पिढ्यांना सांगण्यात आली.

पण त्याच व्हर्जिनियात जन्मलेला जॉर्ज टॉमस हाही संघराज्याच्या सेनेत अधिकारी होता. तो संघराज्याच्या बाजूनेच राहिला व लढला. त्याच्या बहिणींनी त्याच्याशी संबंध तोडले. लीचा भव्य अश्वारूढ पुतळा रिचमंड शहरात १८९० साली उभा राहिला आणि २०२१ साली हलविण्यात आला. टॉमसचे नाव मात्र अमेरिकेबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. निष्ठा म्हणजे मातीशी इमान, एवढेच मानले तर टॉमस हा कुलद्रोही ठरतो. घेतलेल्या शपथेशी आणि सर्वांसाठी असलेल्या कायद्याशी इमान हीसुद्धा निष्ठाच मानली, तर सहानुभूतीची बाजू बदलते. याहून अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील डोंगरी तालुक्यांची आहे. राज्याने संघराज्य सोडले तेव्हा या तालुक्यांनी राज्यच सोडले, आणि १८६३ साली पश्चिम व्हर्जिनिया हे निराळे राज्य म्हणून ते संघराज्यात राहिले. ज्यांनी स्वतःसाठी निघून जाण्याचा हक्क सांगितला, त्यांना आपल्यातून कोणी निघून गेलेले सोसले नाही. इतकेच नव्हे, तर दक्षिणेच्या राज्यांनी आपल्या नव्या संघाची जी घटना लिहिली, तिच्या प्रास्ताविकात तो संघ कायमचा असल्याचे म्हटलेले होते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार घटनाकारांनी आधीच करून ठेवला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारताला ‘राज्यांचा संघ’ का म्हटले आहे, याचे स्पष्टीकरण केले. हा संघ राज्यांनी आपसांत केलेल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटण्याचा हक्क नाही, असा त्यांचा आशय होता. हेच तत्त्व प्रस्थापित करण्यासाठी अमेरिकेला यादवी युद्ध करावे लागले, याचेही त्यांनी स्मरण दिले. मात्र त्याच घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला नवी राज्ये निर्माण करण्याचा, राज्यांच्या सीमा व नावे बदलण्याचा अधिकार दिला आहे. बाहेरची भिंत अभंग आणि आतल्या भिंती हलविता येण्याजोग्या, अशी ही रचना आहे. आतल्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्याला घर सोडून जाणारा म्हणता येत नाही. आपल्या सार्वजनिक चर्चेत ही सरमिसळ वारंवार होते आणि तिच्यामुळे पुष्कळ कटुता उत्पन्न होते.

संस्थानांच्या विलीनीकरणाच्या वेळी, १९४७ साली, फुटून राहण्याची भाषा प्रथम कोणी केली? त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी जून महिन्यात स्वातंत्र्याची घोषणा केली. हैदराबादच्या निजामानेही स्वतंत्र राहण्याचा मनोदय प्रकट केला. या दोन्ही ठिकाणी वेगळे राहण्याची इच्छा सिंहासनाची होती. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्याच्या, तेलंगणाच्या आणि कन्नड जिल्ह्यांच्या जनतेची ती नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने सामिलीकरणासाठी लढा दिला, हजारो लोक तुरुंगात गेले, रझाकारांच्या अत्याचारांनी खेडीच्या खेडी ओस पडली, आणि सप्टेंबर १९४८ मधील लष्करी कारवाईने तो प्रश्न सुटला. त्या कारवाईनंतर मुसलमान जनतेवरही अनेक ठिकाणी सूड उगविला गेला, हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दुरून पाहणाऱ्या एखाद्या परकीय वाचकाला मात्र एका लहान देशाला मोठ्या देशाने गिळले, असेच हे दृश्य दिसले असावे. सहानुभूती कोणाच्या बाजूला जावी हे अंतरावर ठरू लागले, की असे होते.

म्हैसूरची कथा निराळी आहे. महाराज जयचामराजेंद्र वडियार यांनी १५ ऑगस्टपूर्वीच सामीलनाम्यावर सही केली. भारतात राहावे की न राहावे हा वाद येथे झालाच नाही. वाद झाला तो जबाबदार राज्यपद्धतीचा. सप्टेंबर १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘म्हैसूर चलो’ आंदोलनात लोकांनी राजवाड्याच्या दिशेने कूच केले, तुरुंग भरले, गोळ्याही झेलल्या. म्हैसूर शहरातील रामस्वामी चौकाला त्या आंदोलनात बळी पडलेल्या विद्यार्थ्याचे नाव आहे. या लोकांची मागणी मात्र ध्यानात घेण्याजोगी होती. महाराजांच्या छत्राखाली जबाबदार सरकार, अशी ती होती. दिवाणाचा कारभार नको, राजा हवा, आणि तिरंगाही हवा, असे म्हणणाऱ्या त्या शेतकऱ्यांच्या निष्ठा आजच्या काटेकोर व्याख्येत बसणार नाहीत. त्यांना स्वतःला त्यात काही विसंगत वाटत नव्हते. ऑक्टोबरात समझोता झाला, के. सी. रेड्डी पहिले मुख्यमंत्री झाले. महाराज पुढे राजप्रमुख, मग राज्यपाल, आणि १९६४ साली चक्क शेजारच्या मद्रास राज्याचे राज्यपाल झाले. ज्या मद्रासशी कावेरीच्या पाण्यावरून त्यांच्या पूर्वजांचे दिवाण पिढ्यान्‌पिढ्या भांडले होते, त्याच मद्रासचे!

खरा पेच १९५५-५६ साली उभा राहिला. न्यायमूर्ती फाजल अली, पंडित हृदयनाथ कुंझरू व सरदार के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने सर्व कन्नड प्रदेशांचे एक राज्य करण्याची शिफारस केली. मुंबई राज्यातील चार जिल्हे, हैदराबादमधील काही, दक्षिण कन्नड आणि कोडगू हे सर्व म्हैसूरला जोडावयाचे होते. धारवाड, विजापूर, गुलबर्गा येथे या शिफारशीचे स्वागत झाले. आलूर वेंकटराव यांच्यासारख्यांनी आयुष्यभर ज्याचे स्वप्न पाहिले, ते हे एकीकरण होते. जुन्या म्हैसुरात मात्र अनेकांना ते नको होते.

नको असण्याची कारणे क्षुल्लक नव्हती. शिवसमुद्रम येथे १९०२ पासून वीज निर्माण होत होती. १९१६ पासून म्हैसूर विद्यापीठ, १९२३ पासून भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, कन्नंबाडीचे धरण, प्रजाप्रतिनिधी सभेची १८८१ पासूनची परंपरा, असा सारा संसार या राज्याने स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. तो आता दुष्काळी व मागासलेल्या जिल्ह्यांबरोबर वाटून घ्यावा लागणार होता. शिवाय मोठ्या राज्यात वक्कलिग समाजाचे संख्याबळ घटेल आणि लिंगायत समाजाचे वाढेल, हे भय होते. ते उघडपणे कमी बोलले गेले, पण आतून त्यानेच अधिक काम केले. मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या स्वतः वक्कलिग होते, तरी त्यांनी एकीकरणाची बाजू घेतली. राष्ट्रकवी कुवेंपू यांनीही ती घेतली. ऑगस्ट १९५६ मध्ये हनुमंतय्यांचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याच पक्षातील विरोधामुळे गेले. त्यांनी मोठ्या हौसेने उभारलेले विधानसौध त्याच वर्षी पूर्ण झाले. पण त्यातून कारभार केला तो एस. निजलिंगप्पा यांनी, आणि १९५८ पासून जमखंडीच्या बी. डी. जत्ती यांनी.

येथे आजच्या सहानुभूतिदार वाचकाला एक प्रश्न विचारता येईल. १९५६ सालचा जुना म्हैसूरकर हा कोण? स्वतःच्या कष्टाचे फळ जपू पाहणारा लहान समाज, ज्याच्यावर मोठी रचना लादली गेली? की गरीब भावाला घरात घेण्यास कुरकुर करणारा सुखवस्तू भाऊ? कॅटालोनियाविषयी किंवा अन्य कोणा संपन्न प्रांताविषयी बोलताना पहिले वर्णन सहज ओठांवर येते. स्वतःच्या घरचे उदाहरण आले, की दुसरे वर्णनही तितकेच खरे असल्याचे जाणवते. दोन्ही खरी होती, आणि त्यांतील एकच निवडणारी सहानुभूती अपुरी ठरते.

त्या वेळी येथे मतदान झाले नाही. झाले असते तर कौल काय लागला असता, याची खात्री देणे कठीण आहे. तुलनेसाठी गोव्याकडे पाहावे. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी गोवा, दमण व दीव येथे जनमत कौल घेण्यात आला. वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. ज्या मराठीप्रेमी गोमंतकीयांचा पक्ष हरला, त्यांना तो निकाल झोंबला; पण विचारलेच नाही, असे म्हणण्याची सोय त्यांना उरली नाही. बेळगाव-कारवारच्या मराठी भाषकांना ती सोय आजही आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल कर्नाटकाने मान्य केला, महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ साली वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १ नोव्हेंबरला कृष्णराजनगरात राज्योत्सवाचा लाल-पिवळा ध्वज उभारला जातो, तेव्हा बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीचे लोक काळा दिवस पाळतात. हे लोक देशातून फुटू पाहत नाहीत. त्यांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावयाचे आहे. त्यांना देशद्रोही म्हणणे अन्यायाचे आहे. त्याचबरोबर, बेळगावातील कन्नड भाषकांनाही ते गाव स्वतःचे वाटते, हे मराठी वाचकाने विसरून चालणार नाही.

देशातूनच वेगळे होण्याची मागणीही दक्षिणेत झाली होती. द्रविड मुन्नेत्र कळघमच्या कल्पनेतील द्रविडनाडूत तमिळ प्रदेशाबरोबर तेलुगू, मल्याळी आणि कन्नड प्रदेशही समाविष्ट होते. म्हणजे कृष्णराजनगरही त्या नकाशात होते! येथील कोणाला त्याचा पत्ता असल्याचे ऐकिवात नाही. सी. एन. अण्णादुराई यांनी १९६२ साली राज्यसभेत ही मागणी मोकळेपणाने मांडली. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले तेव्हा त्यांच्या पक्षाने ती स्थगित केली. १९६३ साली सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीच्या उमेदवारांनाही देशाच्या सार्वभौमत्वाची व एकात्मतेची शपथ घेणे आवश्यक केले, आणि पक्षाने ती मागणी सोडून दिली. चार वर्षांनी, १९६७ साली, तोच पक्ष मद्रासमध्ये सत्तेवर आला आणि १९६९ साली राज्याचे नाव तमिळनाडू झाले. कायद्याच्या धाकाने हे घडले असे काही जण म्हणतात. धाक होता, हे खरे. पण केवळ धाकाने पक्ष नष्ट होतो, किंवा भूमिगत होतो. निवडणूक जिंकून अर्थसंकल्प मांडू लागत नाही. सभेत बोलण्याची आणि मते मिळविण्याची वाट उघडी होती, म्हणून वेगळे होण्याची वाट त्यांना अनावश्यक वाटू लागली.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्था बिघडू लागली म्हणजे तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात, असे दाखविले आहे: सोडून जाणे किंवा आवाज उठविणे. निष्ठा असलेला माणूस आधी आवाज उठवितो. या दृष्टीने पाहिले तर तक्रार करणारा आणि निष्ठावान हे दोन वेगळे मनुष्य नव्हेत. पूर्व पाकिस्तानात १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगला राष्ट्रीय सभेत स्पष्ट बहुमत मिळाले, आणि ती सभाच भरू दिली गेली नाही. मार्च १९७१ मध्ये उत्तर आले ते तोफांचे. आवाजाचा मार्ग असा पूर्णपणे बंद केल्यावर बंगाली जनतेपुढे सोडून जाण्यावाचून काय उरले होते? बांगलादेशाविषयीची आपली सहानुभूती यामुळे न्याय्य होती, आणि तिचे समर्थन सर्वच फुटीरांना लागू पडत नाही.

अर्थात भारतीय वाचकाने स्वतःचीही झडती घ्यावी. ज्या पिढीने ढाक्यासाठी निधी गोळा केला, तिच्यातील फार थोड्यांना हे ठाऊक होते, की पाचच वर्षांपूर्वी, मार्च १९६६ मध्ये, मिझो टेकड्यांतील उठाव मोडताना भारतीय विमानांनी ऐझॉल या आपल्याच गावावर हल्ला केला होता. ज्यांना ठाऊक होते त्यांनीही तो विषय काढला नाही. मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा यांनी स्वातंत्र्य घोषित केले होते. वीस वर्षे परागंदा राहिल्यानंतर ३० जून १९८६ रोजी करार झाला, आणि लालडेंगा मिझोरमचे मुख्यमंत्री झाले. भारताच्या घटनेची शपथ त्यांनी घेतली. ही तडजोड कोणाच्या पराभवाची, हे सांगता येत नाही, आणि बहुधा म्हणूनच ती टिकली आहे.

म्हैसूरकडे परत येऊ. १९५६ नंतर जुन्या म्हैसूरकराची नाराजी कशी ओसरली? कोणा एका भाषणाने नव्हे. धारवाडचा प्राध्यापक म्हैसूरला आला, हासनचा इंजिनिअर तुंगभद्रेच्या कालव्यावर गेला, पाठ्यपुस्तके एक झाली, एकाच खात्याच्या एकाच ज्येष्ठतायादीत विजापूरचा आणि मंड्याचा कारकून आला. त्या ज्येष्ठतायादीवरून खटलेही पुष्कळ झाले. खटले भरणे ही देखील एकत्र राहण्याची एक रीत आहे. राज्याला म्हैसूर हे नाव मात्र सतरा वर्षे राहिले आणि उत्तरेकडील जिल्ह्यांना ते सलत राहिले. १ नोव्हेंबर १९७३ रोजी ते बदलले गेले तेव्हा मुख्यमंत्री होते देवराज अर्स, येथून जवळच्याच हुणसूर तालुक्याचे आणि राजघराण्याशी संबंधित अरसू समाजाचे. म्हैसूरचे नाव राज्यावरून उतरविण्याचे काम त्यांच्या कारकिर्दीत व्हावे, हा योगायोग लहान नव्हे.

आता तक्रारीची दिशा उलटली आहे. वेगळ्या राज्याची भाषा आता उत्तर कर्नाटकातून ऐकू येते. बेळगाव जिल्ह्यातील उमेश कत्ती यांच्यासारख्या मंत्रिपद भूषविलेल्या नेत्याने ती अनेकदा केली. डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली ११४ तालुके मागासलेले ठरविले, आणि त्यांतील सर्वांत मागासलेल्या तालुक्यांचा मोठा भाग उत्तरेकडील निघाला. २०१२ साली बेळगावात सुवर्ण विधानसौध उभे राहिले, हैदराबाद-कर्नाटकासाठी ३७१ (जे) हा अनुच्छेद आला. पश्चिमेस कोडगूतही, जे १९५६ पर्यंत स्वतःची विधानसभा असलेले राज्य होते, स्वायत्ततेची मागणी अधूनमधून उठते. १९५६ साली ‘आमचे आम्हांला पुरे’ म्हणणाऱ्यांच्या वंशजांना आता ‘तुमचे तुम्हांला पुरेसे झाले, आमचे काय?’ असे विचारले जात आहे. या मागण्या ऐकताना त्यांना फितुरी म्हणून झटकणे सोपे आहे, आणि दूरच्या देशातील असत्या तर त्यांच्या बाजूने टाळ्या वाजविणेही सोपे होते. कलबुर्गीच्या शाळेला शिक्षक आणि कोडगूच्या दवाखान्याला डॉक्टर मिळाला का, हे पाहणे मात्र त्या दोन्हींहून कठीण आणि कंटाळवाणे काम आहे. निष्ठेचा हिशेब तेथे होत असतो.

दसऱ्याची मिरवणूक सर्वांनी पाहिली आहे. सोन्याच्या अंबारीत पूर्वी महाराज बसत. संस्थानिकांची मान्यता व तनखे १९७१ साली रद्द झाले. त्यानंतरच्या काळात अंबारीत चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होऊ लागली आणि उत्सव सरकारने आपल्याकडे घेतला. हत्ती तसेच चालतात, गर्दीही तशीच होते. त्या गर्दीत आता धारवाड आणि कलबुर्गीचे लोकही असतात.

आणि हे गाव तरी मुळात कोठे होते? कावेरीच्या १९२४ च्या महापुराने एडतोरेची नासधूस झाली, तेव्हा उंच जागी नवी वसाहत आखण्यात आली आणि नाल्वडी कृष्णराज वडियार यांचे नाव तिला दिले गेले. घरे हलली, कचेऱ्या हलल्या, तालुक्याचे नाव बदलले. अर्केश्वराचे देऊळ मात्र हलविले नाही. ते आजही जुन्या एडतोऱ्यात नदीकाठीच आहे, आणि नव्या गावची माणसे दर्शनाला तेथेच जातात.